झाकण चाटणारी विहीण

पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, अंगणातली कोंबडी टोपल्याखाली आणि नवऱ्याला, नवनीतला, बोलायची बंदी. एवढी तयारी झाल्यावर चेतनानं मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सासूला म्हणाली, "हां आई, म्हना आते."

धनुबाई पाटावर बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारख्या. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"काय व्हयनं, आई?"

"मांडो कोठे शे?"

"मांडव? इतला उन्हाळामा मांडव कोठेन आनू?"

"लगीन नही, हळद नही, मांडो नही. मंग गाळी कशी म्हनू? मांडोमा म्हनी त गानं व्हस. मांडोबाहेर म्हनी त भांडन व्हस."

गाळी म्हणजे लग्नात विहिणीला नावं ठेवणारी गाणी. विहिणीचं नाक, विहिणीची वेणी, विहिणीचं खाणं, काही म्हणून सोडायचं नाही, आणि समोरच्या विहिणीनं रागावायचंही नाही. उलट तिच्या बायकांनी तेवढंच खमंग उत्तर द्यायचं. एके काळी ब्राह्मणपुरीत धनुबाईंना लग्नाचं पहिलं आमंत्रण जायचं ते ह्या गाण्यांसाठी.

चेतना शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. ह्या गाण्यांशी तिचा संबंध आला तो मराठीच्या योगेंद्र सरांमुळे. एस्टोनिया नावाच्या देशातल्या काट्रिन नावाच्या प्राध्यापिकेनं सरांना पत्र लिहिलं होतं. त्यांच्याकडेही लग्नात विहिणीला नावं ठेवतात म्हणे. तिकडची आणि इकडची गाणी इंटरनेटवरच्या एका भांडारात शेजारी शेजारी ठेवायची आणि अभ्यासायची, असा बेत होता. सरांना गाण्यांची मनापासून आवड होती, पण पत्राला जोडलेली फाईल उघडेना. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. तुम्हाला जमेल," असं म्हणून त्यांनी अख्खा प्रकल्प चेतनाच्या टेबलावर ठेवला. एस्टोनिया नकाशात कुठे आहे ते दोघांना एकाच दिवशी कळलं.

"आई, मांडो व्हता असं समजी ल्या," चेतना म्हणाली. "आन नाव कोनतंबी घाला. खोटं घाला."

"खोटी ईहीन कोठेन आनू? नावबिगर गाळी म्हंजे मीठबिगर दाळ. मन्ही ईहीन एकच शे, सारंगखेडानी."

सारंगखेड्याच्या मोतीबाई म्हणजे काजलच्या सासूबाई. काजल ही धनुबाईंची एकुलती एक लेक. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या लग्नासाठी धनुबाईंनी महिनाभर मसाला कुटताकुटता चार नव्या ओळी रचल्या होत्या. लग्नाच्या दिवशी बायका मांडवात समोरासमोर बसल्या, धनुबाईंनी पदर सावरला, आणि तेवढ्यात डीजे सुरू झाला. "आमनी तोंडं हाली ऱ्हायनीत आन आवाज त्या पेटीना," असं त्या अजून सांगत. नऊ वर्षं त्या चार ओळी घशात अडकून होत्या.

बहुतेक त्या ओळींनीच निकाल लावला. धनुबाईंनी डोळे मिटले, एक टाळी दिली आणि सुरुवात केली.

"ऊनी ऊनी वो ईहीन, मोतीबाई व्हा पुढे,
सतरा मांडा खाई गयी, तरी पोट रडे.
ईहीननी येनी कशी, उंदीरनी शेपटी,
नाक देखा ईहीननं, जशी जात्यानी खुटी."

चेतनानं लग्नानंतर बारा वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. सत्तरीची सासू टाळीगणिक लहान होत गेली. आणि ती मोबाईलकडे पाहतच नव्हती. मोबाईलच्या पलीकडे, रिकाम्या भिंतीपाशी, जिथे समोरच्या बायका बसायच्या, तिथे पाहत होती. गाणं संपल्यावर तिकडून काही उत्तर येतं का म्हणून क्षणभर थांबलीसुद्धा.

संध्याकाळी चेतनानं गाणं भांडारात चढवलं. सोबत एक फॉर्म होता. प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली ती कधी ठेवू देत नसे. तिनं एकही चौकट रिकामी सोडली नाही. गायिका: धनुबाई पाटील. गाव: ब्राह्मणपुरी. कोणाला उद्देशून: मोतीबाई पाटील, मु. सारंगखेडा, गायिकेची सख्खी विहीण. आणि शेवटची चौकट होती, प्रसंग. चेतनानं थोडा विचार केला आणि खरं ते लिहिलं: कोणताही नाही.

दुसऱ्या दिवशी काट्रिनचं कौतुकाचं पत्र आलं. शेवटी एक शंका होती. सतरा मांडे हा आकडा पडताळून पाहिला आहे का?

चेतना उत्तर लिहीत होती, तोवर मोतीबाईंच्या पुण्यातल्या पुतण्यानं ते गाणं पाहिलं होतं. पुण्यात राहून गावाची आठवण काढत तो इंटरनेटवर 'सारंगखेडा' शोधत बसायचा. बहुधा त्याला तिथल्या यात्रेतले घोडे पाहायचे होते. घोड्यांऐवजी काकू सापडली. त्यानं आनंदानं ते खानदानाच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते गावाच्या ग्रुपवर गेलं, तिथून भजनी मंडळाच्या. खाली चेतनाचा सगळा तपशील होताच. नाव, गाव, नातं. आणि प्रसंग कोणताही नाही.

तीन दिवसांनी काजलचा फोन आला.

"वहिनी, हाई काय करी ठेवं तू?"

"काय व्हयनं वो?"

"मन्ही सासू म्हनस, लगीन ऱ्हातं, साखरपुडा ऱ्हाता, त मी हसती. काहीच नसतांना, सोमवारना दिन, बसल्या बसल्या माले उंदीरनी शेपटी म्हननी? दार लाईसन बठेल शे. गावेगाव फोन करी ऱ्हायनी. आन माले सांगं, यंदा आखाजीले जावानं नाव काढू नको."

चेतनाच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर होती. खानदेशात दिवाळीला पोरगी माहेरी नाही आली तर चालतं. आखाजीला नाही आली तर गाव विचारतं. नवनीतनं अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता, धनुबाईंनी खापरावरच्या मांड्यांसाठी गहू निवडून ठेवले होते.

"तू नोकरीवाली बाई," चेतना हळूच म्हणाली. "बसमा बठ आन येई जाय."

"तशी पळीसन उनू त आईच माले दारमा उभी करी. धाडेल पाहिजे, वहिनी. सासूनी मान देईसन धाडेल पाहिजे."

धनुबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी निवडलेले गहू पुन्हा सुपात घेतले आणि पुन्हा निवडत बसल्या. त्यात खडा एकही नव्हता. सुपातून मान न उचलता म्हणाल्या, "मी सांगेल व्हतं ना बेटा, मांडो पाहिजे." त्या रागावल्या असत्या तर चेतनाला बरं वाटलं असतं.

तिनं लगेच काट्रिनला लिहिलं, गाणं काढून टाका. काट्रिनचं उत्तर फार सभ्य होतं. एकदा भांडारात आलेलं गाणं सहसा काढत नाहीत. मात्र ज्या व्यक्तीचा अपमान झाला असेल तिनं स्वतः सही करून, अपमानाचं स्वरूप लिहून मागणी केली तर समिती विचार करील. सोबत दोन पानी फॉर्म जोडला होता.

"म्हंजे मोतीमावशीनी लिखानं," नवनीत फॉर्म वाचत म्हणाला, "की मन्हं नाक जात्यानी खुटी शे, अशी मन्ही तक्रार शे?"

"तुमी जा ना तठे. भाऊ शेत. मुराळी म्हनीसन जा, सही बी आना आन काजलले बी आना."

"मी? मोतीमावशी माले सतरा मांडा खावाडी आन एकेक मोजी. मी नही जास."

म्हणून नणंदेला आणायला भावाऐवजी भावजय निघाली. पिशवीत फॉर्म, साखरेचा पुडा आणि शाई उमटवायची डबी. सही येत नसेल तर अंगठा, असा तिचा हिशेब. शहाद्याला बस बदलून ती सारंगखेड्यात उतरली तेव्हा ऊन तापीच्या पाण्यावर पांढरं झालं होतं.

मोतीबाईंनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि यात्रेत घोडं पारखतात तसं एकदा वरून खाली पाहिलं. उंच, काटक बाई. नाक खरोखरच ठसठशीत होतं. चेतनानं नजर चटकन फॉर्मवर वळवली.

"काजल, तू शेजारे जाय," मोतीबाई म्हणाल्या. काजल गेली. त्यांनी दाराला कडी घातली. "आते सांग. कितला लोकेसनी देखं ते?"

चेतनाला आकडे लपवता येत नसत. "सकाळी चौदाशे बारा व्हतात."

"चौदाशे!" मोतीबाई खाली बसल्या.

"मावशी, चूक मन्ही शे. आईनी नही. मीच लावं त्यासले गावाले. आठे सही करा, मी ते काढी टाकस."

"काढाले कसाले?"

"म्हंजे?"

"काढं त लोके काय म्हनतीन? मोतीबाईले उत्तर उनं नही, म्हनीसन काढाले लावं." त्यांनी फॉर्म दोन बोटांनी बाजूला सारला. "माले गाळीना राग नही. नऊ वरीस व्हयनात, मन्हा पोरना लगीनमा माले कोनी एक गाळ दिधी नही. डीजे व्हता ना. मन्ही जेठानीले तिना पोरना लगीनमा सात गाळी पडनात, ती अजून सांगस. आन मी? गुपचूप जेवनू आन उठनू. माले वाटे, मी ईहीन व्हयनू का नही व्हयनू?"

"मंग काजलले काबर रोकं?"

मोतीबाईंनी दाराची कडी पुन्हा पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उत्तर नही ये माले."

चेतनानं फॉर्मची घडी घातली.

"म्होरे गानारी मन्ही नणंद, फुलीबाई. मी जनमभर मांगे झील धरी. ती म्हने, आमी तिनामांगे म्हनूत. तीन वरीस व्हयनात तिले जाईसन. सगळं तिना पोटमा गयं." त्यांनी कमरेचा मोबाईल काढून खाटेवर टाकला. "चार दिन फोन करी ऱ्हायनू. शिंदखेडा, दोंडाईचा, खांडबारा. कोनले इचारं, ती म्हनस, अर्धं येस. दुसरी म्हनस, चाल येस, शब्द नही. एक बाई त म्हने, नातूले इचारस, तो कंप्यूटर शिकस. काजल गयी आन मन्हं उत्तर नही गयं, त तुन्ही सासू म्हनी, ईहीन मुकी शे. म्हनीसन रोकी ठेवी पोर. उत्तर सापडं की धाडसू."

कडी लावलेल्या त्या खोलीत चेतनाला एकदम आपली सासू आठवली, गाणं संपवून रिकाम्या भिंतीकडे पाहत थांबलेली. एकीला उत्तर हवं होतं आणि दुसरीला द्यायचं होतं, आणि मधल्या तीस किलोमीटरांत सगळी गाणारी माणसं संपली होती.

तिनं मोबाईल उघडला. भांडारात तिच्या सासूच्या शेजारीच, तुलनेसाठी म्हणून, एस्टोनियाच्या एका बेटावरची हेल्मी नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची बाई होती. लाकडी बाकावर बसलेली, रंगीत पट्ट्यांचा घागरा, मागे राखाडी समुद्र. गाताना ती गुडघ्यावर थाप देत होती.

मोतीबाई पुढे सरकल्या. "हाई बाई कोन शे? हिले बी ईहीन शे का?"

"शे. तिले बी नावं ठेवी ऱ्हायनी."

"डोया देख कशी मिचकावस, रांडनी! काय म्हनी ऱ्हायनी?"

खाली इंग्रजीत भाषांतर होतं. चेतनानं ते जमेल तसं सांगितलं. वराची आई लग्नात आली, तिनं खारवलेल्या माशांचं पिंप रिकामं केलं, मग पिंपाचं झाकणही चाटून घेतलं. घरी जाताना गोठलेल्या तळ्यावरून चालली, तर बर्फाला तडा गेला.

मोतीबाई आधी नुसत्या ऐकत होत्या. झाकणापाशी त्यांचा पदर तोंडाला गेला. तड्यापाशी त्या खाटेवर आडव्या झाल्या.

"परत लाव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. चेतनानं परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मोतीबाईंचा हात गुडघ्यावर थाप देऊ लागला होता आणि ओठ हलत होते.

"मासा नही चालाव, माळकरी घर शे. लोनचं करू," त्या पुटपुटल्या. "आन बरफ कोठेन आनू? पूल करू. तापीना पूल."

पाऊण तासात चार शेजारणी बोलावल्या गेल्या, दार उघडलं गेलं, चेतनानं मोबाईल समोर धरला, आणि मोतीबाई आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसल्या.

"धनुबाई जेवाले बठनी, लोनचाना माठ चाटी गयी,
माठवर जे झाकन व्हतं, झाकन बी ती चाटी गयी.
पूलवरथीन चालनी तशी, पूलले तडा पाडी गयी,
तापीमायनी हात जोडात, 'बाई, उतर' म्हनी गयी."

शेजारणी झील धरायच्या विसरून हसत होत्या. "मोतीबाई, हाई कोठे लपाडी ठेयेल व्हतं वो?"

"मन्ही आजीनं शे," मोतीबाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या. आणि निघताना चेतनाचा हात धरून कुजबुजल्या, "जठे तिनी गाळ शे, तठेच हाई टाक. आन कोठेन उनं ते तुन्ही सासूले सांगं त देख. मन्ही शप्पथ."

घरी येऊन चेतनानं गाणं चढवलं. प्रसंगाच्या चौकटीत ह्या वेळी 'उत्तर' असं लिहिलं. गाणं कोणाकडून आलं, ह्या परंपरेच्या चौकटीपाशी मात्र तिचं बोट अडलं. खोटं लिहवत नव्हतं, आणि खरं लिहिलं तर पुण्यातला पुतण्या होताच. शेवटी तिनं लिहिलं, 'गायिकेच्या सांगण्यानुसार, आजीकडून.' वाक्य तंतोतंत खरं होतं आणि तरी तिला त्या रात्री नीट झोप आली नाही.

धनुबाईंनी उत्तर तीन वेळा ऐकलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. झाकणापाशी फक्त त्यांची नथ हलली. मग त्या म्हणाल्या, "चांगलं शे," आणि लगेच मोठ्यानं, "नवनीत! गाडी काढ. तुन्ही बहीणले लई ये."

"आते जास ना," नवनीत म्हणाला. "आते काय भेव शे?"

आखाजीच्या दुपारी काजल झोक्यावर होती. गल्लीतल्या आलेल्या सगळ्या लेकी आळीपाळीनं बसत होत्या, कोणी गौराईचं गाणं अर्धंमुर्धं म्हणत होतं. चेतना ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

सकाळी काट्रिनचं पत्र आलं होतं, जवळजवळ आनंदानं ओरडणारं. झाकण चाटणारी विहीण! बाल्टिक समुद्राच्या बेटावर आणि तापीच्या काठावर, एकमेकांची ओळखदेख नसलेल्या दोन आज्यांच्या तोंडी तेच झाकण, तोच तडा! मानवी मनाच्या मुळाशी एकच गाणं असल्याचा असा स्वच्छ पुरावा आपण वीस वर्षांत पाहिला नाही. तिनं निबंधाला सुरुवातही केली होती.

चेतनानं तासभर विचार केला आणि मग वैज्ञानिकाला शोभेल असं चार ओळींचं उत्तर पाठवलं. नमुना दूषित आहे. दूषित मीच केला. कसा, ते खाली लिहिलं आहे. कृपया हे भांडारात जाहीर करू नये, कारण दोन घरांचा प्रश्न आहे.

उत्तर अर्ध्या तासात आलं. निबंध गेला, असं काट्रिननं लिहिलं होतं, त्याचं दुःख आहे. पण हेल्मीला फोन करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिच्या गाण्याला कोणी लोणचं लावल्याचं तिला पटतच नव्हतं.

"काय लिखेल शे त्यामा?" धनुबाई ओट्यावर येऊन टेकल्या. हाताला मांड्याचं पीठ होतं. "सकाळधरी देखी ऱ्हायनू, तोंड लहान करी बठेल शे."

"काही नही, आई. कॉलेजनं काम."

"मोतीबाईनं गानं?"

चेतनानं मोबाईल पालथा ठेवला. शप्पथ होती.

"म्हने, आजीनं शे," धनुबाई झोक्याकडे पाहत म्हणाल्या. "तिनी आजी मी देखेल शे. मन्ही मावशीनं घर त्याच गल्लीमा. आजी व्याराकडनी व्हती, पार गुजरातनी. जनमभर गुजराथी बोलनी बिचारी. पानी मांगे ते बी गुजराथीमा. तिले आपलं गानं कोठेन येई?"

चेतना सासूकडे वळली. "मंग आई... तुमी काही बोलन्यात नहीत?"

"कसाले बोलू? पोर घर उनी."

काजलचा झोका उंच गेला, फांदी करकरली, पोरी ओरडल्या. धनुबाईंनी हाताचं पीठ झटकलं, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि मोबाईलवर बोट टेकवून सुनेच्या कानाशी झुकल्या.

"त्या झाकनपुढे आजून कडवं व्हई ना? तेवढं माले सांगी ठेव. मोतीबाईले सांगू नको."